समदाब रेषा, निफाडचा गारठा आणि मोबाइलमधला दाब

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत हवामानाच्या नकाशाबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत अडचण एकच दिसते. आकडा हाती असतो, पण तो कशाशी ताडायचा हे कळत नाही. दाबाचा एकटा आकडा मुका असतो. शेजारच्या ठिकाणचा किंवा काल याच वेळेचा आकडा बाजूला ठेवला की तो बोलू लागतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण तिच्यावाचून नकाशा कळत नाही.

प्रश्न : माझ्या मोबाइलमध्ये दाबमापक आहे. तो ९४१ दाखवतो आणि त्याच दिवशी हवामान खात्याच्या नकाशावर नाशिकजवळून १००८ ची रेषा गेलेली दिसते. मोबाइल बिघडला आहे का?
(वाचक, सिडको, नाशिक)

मोबाइल ठीक आहे. दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईच्या माणसाच्या डोक्यावर असलेल्या हवेतला खालचा ६०० मीटरचा थर आपल्या पायाखाली राहिला. त्या थराचं वजन ६५ ते ७० हेक्टोपास्कल (हे दाब मोजण्याचं एकक) भरतं, तेवढं तुमच्या आकड्यात कमी दिसतं.

नकाशावर प्रत्येक ठिकाणचा खरा आकडा लिहिला असता, तर रेषांमधून फक्त सह्याद्री आणि दख्खनचं पठार उमटलं असतं, हवामान दिसलंच नसतं. म्हणून प्रत्येक वेधशाळा आपला आकडा समुद्रसपाटीवर आणून कळवते. पायाखाली डोंगराऐवजी हवाच असती तर दाब किती भरला असता, असा तो हिशेब असतो. त्यात तापमान धरावं लागतं, कारण गार हवा जड आणि तापलेली हलकी. नाशिकच्या उंचीला हवा २५ अंश असताना साधारण ६७ मिळवायचे, ४० अंशांच्या दुपारी ६४ आणि १० अंशांच्या पहाटे ७१. तुमचे ९४१ अधिक ६७ म्हणजे १००८. जुळलं.

आता एक खात्री करून घ्या. काही मोबाइलमध्ये दाबमापक नसतोच, ॲप इंटरनेटवरून आकडा आणून दाखवतं. इंटरनेट बंद करा, तळमजल्यावरचा आकडा बघा आणि जिन्याने तीन मजले चढा. आपल्या उंचीवर दर नऊएक मीटरला १ हेक्टोपास्कल उतरतो. तीन मजल्यांवर आकडा साधारण एकाने कमी झाला, तर मोबाइलमध्ये खरा दाबमापक आहे. या दाबमापकांत एक-दोन हेक्टोपास्कलची कायमची चूक असू शकते, त्याने बिघडत नाही. चूक रोज तेवढीच राहते आणि आपल्याला फरकच बघायचा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे ४ आणि दुपारी ४ च्या सुमारास सर्वांत कमी. सूर्याच्या उष्णतेमुळे वरच्या वातावरणात जी भरती-ओहोटी चालते तिचा हा परिणाम. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलची घसरण अगदी निरभ्र, शांत दिवशीही होते. ती पाहून वादळ येतंय असं अनेकांना वाटतं. म्हणून सकाळच्या आकड्याशी दुपारचा ताडू नका. आज सकाळी साडेआठचा आकडा काल सकाळी साडेआठच्या आकड्याशीच ताडा. खात्याची मुख्य नोंदही साडेआठलाच होते.

प्रश्न : पूर्वी पेपरात 'मिलिबार' यायचं, आता 'हेक्टोपास्कल' येतं. हिशेब बदलला का?
(वाचक, पंचवटी)

फक्त नाव बदललं. १ हेक्टोपास्कल म्हणजे १ मिलिबार. समुद्रसपाटीवरचा प्रमाण दाब १०१३.२५, म्हणजे पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना हवामानाचा नकाशा वाचायला शिकवायचा आहे. पुस्तकात चिन्हांचा तक्ता आहे, पण सुरुवात कुठून करावी?
(शिक्षिका, सटाणा)

ताई, तक्त्यापासून सुरुवात करू नका. मुलं चिन्हं पाठ करतात आणि नकाशा तसाच राहतो.

पहिल्यांदा नकाशावरची वेळ वाचायला लावा. ती जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. ०० म्हणजे आपले पहाटे ५.३०, ०३ म्हणजे सकाळी ८.३० आणि १२ म्हणजे संध्याकाळी ५.३०. सकाळचा नकाशा हाती धरून संध्याकाळच्या ढगांचा अर्थ लावण्याची चूक फार जण करतात.

मग समदाब रेषा. सारख्या दाबाची ठिकाणं जोडणारी ही रेषा, नकाशावरच्या डोंगराच्या समोच्च रेषेची सख्खी बहीण. आपल्या खात्याच्या नकाशांवर त्या साधारणपणे दर दोन हेक्टोपास्कलला काढतात : १००२, १००४, १००६ अशा. मुलांना एका रेषेवर बोट ठेवून ती शेवटपर्यंत गिरवायला सांगा. बंद वेटोळं सापडलं आणि आत जाताना आकडे उतरत गेले, तर मध्यभागी कमी दाबाचं क्षेत्र. चढत गेले, तर जास्त दाबाचं. वेटोळं बंद न होता रेषा एका बाजूला लांब पोटासारखी फुगली असेल आणि त्या पोटात दाब कमी असेल, तर तो कमी दाबाचा पट्टा.

यानंतर पट्टी घ्या आणि रेषांमधलं अंतर मोजा. रेषा दाटीवाटीने असतील तिथे वारा जोराचा, विरळ असतील तिथे मंद. पावसाळ्यात केरळपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत किती रेषा किनारा ओलांडतात ते रोज मोजून वहीत लिहायला लावा. संख्या वाढली की पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि घाटात पाऊस वाढतो. महिनाभर हे केलं तर मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता वेधशाळेची खूण. छोटं वर्तुळ म्हणजे ठिकाण. ते किती भरलंय त्यावरून आकाशाचे आठांपैकी किती भाग ढगांनी झाकलेत ते कळतं. वर्तुळातून निघालेली काडी ज्या बाजूला जाते त्या बाजूकडून वारा येतोय. इथे मुलं हमखास उलटं समजतात, म्हणून दहादा सांगा. काडीवरची अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १० आणि त्रिकोणी निशाण ५०. नॉटला १.८५ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. डावीकडे वर तापमान, डावीकडे खाली दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते), उजवीकडे वर दाब. दाबाचे शेवटचे तीनच अंक लिहिलेले असतात आणि शेवटचा अंक दशांशाचा असतो. ०४२ म्हणजे १००४.२ आणि ९८६ म्हणजे ९९८.६. अंक शून्यापासून चारपर्यंतच्या आकड्याने सुरू होत असतील तर पुढे १० लावायचे, पाचपासून नऊपर्यंत असतील तर ९. आपल्याकडच्या रोजच्या दाबांना हा नियम पुरतो.

शेवटी मुलांना मैदानात न्या. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम इथे तपासता येतो : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीच्या घर्षणामुळे तो डावीकडे आणि थोडा पुढे असतो, एवढी दुरुस्ती करा. जूनअखेरीला नैर्ऋत्येचा वारा वाहत असताना पाठ त्याच्याकडे करा. तोंड ईशान्येला होईल आणि डावा हात वायव्येला, म्हणजे राजस्थान आणि त्यापलीकडच्या तापलेल्या वाळवंटाकडे. नकाशात बघा, कमी दाब तिथेच असतो. मात्र इमारतीच्या किंवा डोंगराच्या आडोशाला हा प्रयोग करू नका, तिथे वारा वळतो. पहाटेची शांत हवाही उपयोगाची नाही, दुपारी अकरानंतर करा.

प्रश्न : नाशिकला ९ अंश असताना निफाडला ५ का? आणि असा गारठा येणार हे नकाशावरून दोन दिवस आधी कळेल का? बागेत मण्यांची फुगवण चालू असते तेव्हा हा प्रश्न जिवावरचा असतो.
(द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

दादा, कळतं, आणि बऱ्यापैकी खात्रीने कळतं.

आधी निफाडच का ते पाहू. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट भागात साचते. गोदावरी आणि कादवा नांदूरमधमेश्वरला एकत्र येतात, तो सगळा भाग सपाट, मोकळा आणि सखल. तिथे हा गारवा तुंबून राहतो. नाशिक शहरात सिमेंट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्रभर सोडत राहतं. शिवाय पेपरात येणारा निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, म्हणजे उघड्या शेतातला. थोडक्यात, चार अंशांचा फरक जमिनीच्या ठेवणीतून येतो.

आता नकाशा. तीन टप्पे लक्षात ठेवा. पहिल्या टप्प्यात उत्तर भारतावरून पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारं कमी दाबाचं क्षेत्र, जातो. तो येत असताना आपल्याकडे ढगाळतं, रात्रीचा पारा उलट चढतो आणि बागायतदार निर्धास्त होतो. हाच फसवणारा काळ. दुसऱ्या टप्प्यात चक्रावात पूर्वेला सरकतो आणि त्याच्या मागे राजस्थान-गुजरातवर जास्त दाब बसतो. त्या भागातला दाब कालच्यापेक्षा दोन-तीन हेक्टोपास्कलने वाढलेला दिसला आणि काड्या उत्तरेकडे वळल्या, की थंड कोरडी हवा निघाली असं समजा. पहिल्या रात्री ती वाऱ्यासकट येते. अंगाला झोंबते, पण पारा तळाला जात नाही, कारण वारा वरची उबदार हवा खाली मिसळत राहतो. तिसरा टप्पा घातक. जास्त दाबाचं क्षेत्र दक्षिणेकडे पसरतं, आपल्यावरच्या समदाब रेषा विरळ होतात, आकाश निरभ्र असतं आणि संध्याकाळी वारा पडतो. पारा तळ गाठतो तो त्या पहाटे. म्हणजे चक्रावात निघून गेल्यानंतर दुसरी किंवा तिसरी रात्र.

त्या संध्याकाळी सहाला दवबिंदू बघा. रात्रीचं किमान तापमान सहसा संध्याकाळच्या दवबिंदूच्या फार खाली जात नाही, कारण दहिवर पडायला लागलं की वाफेतली उष्णता हवेत सुटते आणि घसरण मंदावते. दवबिंदू १२ असेल तर झोपा. ३ किंवा ४ असेल, वारा पडला असेल आणि आकाशात एकही ढग नसेल तर तयारीला लागा. वेधशाळेचं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरचं असतं, तेही पेटीतलं. उघड्यावरचं गवत आणि पानं त्याहून तीन-चार अंशांनी गार होतात. पारा ४ दाखवत असतानाही गवतावर दव गोठलेलं दिसतं ते यामुळे.

उपायांत सर्वांत भरवशाचं ओली जमीन. कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालची ऊब वर आणते. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच पाणी द्या, म्हणजे तिला तापायला पूर्ण दिवस मिळेल. पहाटे पुन्हा ठिबक चालवलंत तर विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं, त्याचाही फायदा. दोन ओळींमधलं वाळलेलं गवत या दिवसांत काढून टाका. एरवी ओल टिकवणारं ते आच्छादन या रात्री जमिनीची ऊब खाली कोंडून ठेवतं. शेकोट्यांबद्दल एक गैरसमज आहे. काम करते ती आगीची उष्णता आणि तिने ढवळलेली हवा, धुराचा पडदा नव्हे. धूर जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही. म्हणून ओला कचरा जाळून धूर करण्यापेक्षा लहान लहान, स्वच्छ जळणाऱ्या अनेक शेकोट्या बागेभर विखरून ठेवा. एकच मोठी आग उष्ण हवेचा लोट सरळ वर पाठवते आणि बाजूने गार हवा आत ओढते.

प्रश्न : कमी दाबाचं क्षेत्र ओडिशाजवळ तयार होतं आणि पूर त्र्यंबकेश्वरला येतो, हे कसं? आणि तोच पाऊस सिन्नर-येवल्याला का पोचत नाही?
(वाचक, इगतपुरी)

ओडिशाचा किनारा नाशिकपासून तेराशे किलोमीटरवर आहे आणि ते क्षेत्र स्वतः इथे येत नाही. ते दाबाचा उतार वाढवतं. पावसाळ्यात राजस्थानच्या वाळवंटापासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा लांब पट्टा असतो, त्याला मॉन्सूनचा आस म्हणतात. उपसागरात कमी दाब तयार झाला की आसाचं पूर्वेचं टोक खाली ओढलं जातं, दक्षिणेतल्या जास्त दाबाशी त्याचा फरक वाढतो आणि अरबी समुद्रावरचा वारा जोराने जमिनीकडे येतो. त्याच सुमाराला दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा नकाशावर दिसला, तर घाटमाथ्यावर मुसळधार ठरलेली. हा पट्टा ओळखायचा कसा? किनाऱ्यालगत समदाब रेषांना दक्षिणेकडे टोक केलेला बाक पडतो.

पुढचं काम सह्याद्री करतो. कोकणातली वाफेने भरलेली हवा डोंगराला धडकून वर चढते. चढणारी हवा पसरते आणि पसरली की गार होते : ढग होईपर्यंत दर शंभर मीटरला साधारण १ अंश, ढग झाल्यावर त्याच्या निम्म्याने. इगतपुरी आणि त्र्यंबक ऐन चढणीच्या माथ्यावर आहेत, ब्रह्मगिरी जवळजवळ १३०० मीटर उंच. सगळं पाणी तिथेच उतरतं. पूर्वेला सरकलेली हवा उतरते, दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. सिन्नर, येवला, नांदगाव त्या पडछायेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, पूर्वेला त्याहून कमी. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर.

ते क्षेत्र पश्चिमेला सरकत मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात आलं की मात्र चित्र बदलतं. पावसाळी कमी दाबाच्या क्षेत्रात सर्वांत मोठा पाऊस बहुधा नैर्ऋत्येच्या बाजूला पडतो आणि भोपाळ-इंदूरच्या नैर्ऋत्येला आपला जिल्हा येतो. तेव्हा पाऊस घाट सोडून मालेगाव-येवल्यापर्यंतही पोचतो. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात. पण त्या पाण्याचा अंदाज त्र्यंबक आणि गंगापूर धरणाच्या वरचा पाऊस बघून घ्यायचा असतो. रामकुंडावर ऊन असतानाही विसर्ग वाढू शकतो.

प्रश्न : 'समुद्रसपाटीपासून १.५ किलोमीटर उंचीवर चक्राकार वाऱ्यांची स्थिती' म्हणजे नेमकं काय?
(वाचक, देवळाली कॅम्प)

जमिनीवरच्या नकाशात बंद वेटोळं दिसत नाही, पण वर वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरतायत, अशी अवस्था. वरचे नकाशे ठरावीक दाबाच्या पातळीचे असतात. ८५० हेक्टोपास्कलची पातळी साधारण दीड किलोमीटरवर सापडते, ७०० ची ३.१ आणि ५०० ची ५.८ किलोमीटरवर. बातमीतली उंची तिथून आलेली. ही स्थिती ५.८ किलोमीटरपर्यंत गेलेली असेल तर ती खोल आणि टिकाऊ, फक्त दीड किलोमीटरपर्यंतच असेल तर बेताची. पुढची बढती वाऱ्याच्या वेगावर ठरते : ताशी ३१ किलोमीटरपर्यंत कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ.

प्रश्न : एप्रिलमध्ये पेपरात ४० अंश, गाडीत ४४ आणि आमच्या गच्चीवर ४७. खरं कोणतं?
(वाचक, गंगापूर रोड)

हवेचं तापमान पेपरातलं. गच्चीवरचं तापमापक स्वतःच तापलेलं असतं, ते उन्हाचं आणि फरशीचं तापमान सांगतं. गाडीचं यंत्र पुढच्या बाजूला रस्त्याजवळ बसवलेलं असतं, सिग्नलला उभं राहिल्यावर ते इंजिनाची आणि डांबराची धग मोजतं. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं धावल्यावरचा आकडा त्यातल्या त्यात बरा.

वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, तिरप्या झडपांच्या लाकडी पेटीत, गवताच्या जमिनीवर ठेवतात. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत येत नाही. घरी असं करा : सावलीत, भिंतीपासून हातभर लांब, सव्वा ते दीड मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा जागी, खाली माती किंवा कुंड्या. दहा-पंधरा मिनिटं थांबून वाचा. अपार्टमेंटमध्ये उत्तरेची बाल्कनी त्यातल्या त्यात चांगली, पण एसीचं बाहेरचं यंत्र जवळ नको.

कमाल तापमान साधारण तीनच्या सुमाराला येतं, बाराला नाही. सूर्य माथ्यावरून ढळल्यावरही जमीन सोडते त्यापेक्षा जास्त उष्णता घेतच असते. वर्षाचंही थोडं तसंच वाटावं, पण नाशिकला उलट घडतं. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो २० मेच्या आसपास, आणि तोवर उन्हाचा कडाका बऱ्याचदा उतरणीला लागलेला असतो. कारण वारा. एप्रिलमध्ये वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा येते आणि रखरखीत जमिनीत बाष्पीभवनावर उष्णता खर्च होत नाही, सगळी हवा तापवण्यात जाते. मेच्या उत्तरार्धात समुद्राकडची दमट हवा घाट ओलांडते, ढग येतात आणि पारा दोन-तीन अंशांनी खाली येतो. घाम मात्र वाढतो. त्याच वाफेमुळे रात्री उकडायला लागतं. एप्रिलच्या कोरड्या रात्री उष्णता सहज निसटते, म्हणून ४० अंशांच्या दिवसानंतर पहाट २१-२२ अंशांची असते.

प्रश्न : 'तुरळक ठिकाणी गारपीट' असं सांगतात आणि आमच्याकडे काहीच होत नाही. मग अंदाज चुकला म्हणायचा का?
(वाचक, चांदवड)

शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के, बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५ आणि बहुतांश ठिकाणी त्याहून जास्त. चार गावांपैकी तीन कोरडी राहिली तरी 'तुरळक'चा अंदाज बरोबर असतो. गारांचा पट्टा काही वेळा किलोमीटरभरच रुंद असतो, एका शिवारात बाग झोडपली जाते आणि शेजारी पानही हलत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली तेव्हाही हेच दिसलं.

नकाशा दिवस आणि प्रदेश सांगतो. ५०० हेक्टोपास्कलच्या नकाशावर पश्चिमेकडून थंड हवेचा पट्टा दक्षिणेपर्यंत उतरलेला आणि त्याच दिवशी दीड किलोमीटरवर समुद्राकडून दमट वारा, अशी जोडी जमली की सावध व्हायचं. खाली उबदार ओल आणि वर थंडी असली की ढग उभा वाढतो आणि पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर, या दिवसांत साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या पलीकडे, फेकले जातात.

तास सांगायचं काम रडारचं आणि उपग्रहाचं. मुंबईचं रडार बघताना एक मर्यादा लक्षात घ्या : पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण नाशिकवर पोचेपर्यंत दोन किलोमीटरहून वर गेलेला असतो. खालचा रिमझिम पाऊस त्याला दिसत नाही, पण गारांचे उंच ढग चांगले दिसतात. विजेसाठी 'दामिनी' ॲप मोबाइलवर ठेवा. ढग माथ्यावर येण्याआधी गार वाऱ्याचा झोत येतो, तापमान काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरतं आणि दाब एक-दोन हेक्टोपास्कलने उडी मारून चढतो. त्या झोतानंतर हाताशी फार वेळ नसतो. क्रेट, ताडपत्री, जनावरं जे काही हलवायचं ते त्याआधीच.

प्रश्न : दाब किती उतरला की वादळाची काळजी करायची? ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा नाशिकलाही वारा-पाऊस झाला होता.
(वाचक, सिन्नर)

रोजची भरती-ओहोटी वजा केल्याशिवाय काही ठरवू नका. साडेआठ ते साडेआठ या चोवीस तासांत एक-दोन हेक्टोपास्कलचा फरक नेहमीचा. तीन किंवा जास्त उतरला तर नकाशा उघडून समुद्रात काय चाललंय ते बघा. आणखी एक खूण आहे, ती नकाशाशिवायही चालते. दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत दाब चढायलाच हवा. त्या वेळात तो जागचा हलला नाही किंवा उतरतच राहिला, तर जवळपास काहीतरी खोल येतंय. अशा संध्याकाळी दर तासाला आकडा लिहा आणि खात्याचं ताजं पत्रक बघा, कारण वादळ कोणत्या बाजूने जाणार हे एका ठिकाणचा दाब सांगू शकत नाही. ते वाऱ्यावरून थोडंफार कळतं : वाऱ्याकडे पाठ करा, वादळाचा मध्य डावीकडे आणि किंचित पुढे असेल. तासाभराने पुन्हा उभे राहा आणि डावा हात कोणत्या दिशेला सरकला ते लिहून ठेवा. दिशा बदलली नाही आणि दाब उतरत राहिला, तर ते सरळ आपल्याकडे येतंय. अशा वेळी पत्रे, शेडनेट आणि मांडवाच्या तारा उजेड असतानाच आवळून घ्या.